वालजीबापांचं छत

वालजीबापा सावलियांच्या बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, जेंती फिटर इतरांसारखाच पांढरे कपडे घालून आला. फोटोपुढे हात जोडून खाली बसला आणि डोळे मिटण्याआधी सवयीनं वर पाहिलं. मग काही त्याला डोळे मिटवेनात. समाजाच्या वाडीतल्या सभागृहाचं नवंकोरं छत गाभण म्हशीच्या पोटासारखं खाली आलं होतं. पोटाच्या बरोबर खाली बायका बसल्या होत्या, आणि त्या बायकांत त्याची रंभा.

गोंडलच्या त्या वाडीत प्रत्येक वस्तूवर दात्याचं नाव होतं. पंख्यांवर, पाण्याच्या नळावर, संडासाच्या दारावरसुद्धा. छत खुद्द वालजीबापांचं; त्यावर त्यांचं नाव सोनेरी अक्षरांत, खाटेएवढं. फक्त छताच्या वरचे पाइप स्लॅबला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पना दाता मिळाला नाही. "जे कुणाला दिसणार नाही त्याला दान कोण देईल?" असं ट्रस्टी लाभूभाई म्हणाले आणि क्लॅम्प राहून गेले. मग प्लंबरनं आपले पाइप पंख्यांच्या हुकांना तारेनं बांधले. आग विझवायच्या पाण्याचे पाइप घालणाऱ्यानं ते प्लंबरच्या पाइपांना बांधले. जेंतीनं आपले वायरींचे पाइप आगीच्या पाइपांना बांधले, आणि छतवाल्यानं छत जेंतीच्या पाइपांना. आपण काय केलंय ते प्रत्येकाला ठाऊक होतं. आधीच्यानं तरी नीट केलं असेल, असं प्रत्येकाला वाटत होतं. सगळे एकमेकांना धरून लोंबत होते. समाजही असाच उभा असतो म्हणा, पण समाजात कुणी पाणी भरत नाही. आगीच्या पाइपांत परवाच भरलं होतं.

पंखे फिरले की हूक हलत, हूक हलले की वरचं सगळं. जेंती उठला आणि त्यानं बटणं बंद केली. लगेच तीन माणसं आपापल्या बापाच्या नावाचा पंखा का थांबला ते बघायला उठली. मागोमाग लाभूभाई.

"पंखे कुणी बंद केले?"

"मी. वालजीबापांना वारा सोसत नव्हता."

"अरे, ते गेलेत."

"म्हणूनच म्हटलं, आज तरी."

लाभूभाईंनी बटणं पुन्हा चालू केली. जेंतीनं त्यांना कोपऱ्यात ओढलं. "शेठ, सगळ्यांना अंगणात बसवा. छत पडणार आहे."

"हळू बोल. हंसराजभाई वरच्या मजल्याचं दान आज जाहीर करणार आहेत. तासाभरानं पडलं तर चालेल का बघ."

"माझ्या हातात आहे का ते?"

"टांगलं कुणी?"

"मी. म्हणजे, मीसुद्धा."

हे वालजीबापांच्या मुलानं, हंसराजभाईंनी ऐकलं. ते संथपणे उठले. "माझ्या बापाचं छत पडेल म्हणतोस? बापाच्या बेसण्यात?"

"मोटाभाई, बापांचा काही दोष नाही. वर क्लॅम्पच नाहीत."

"बापांनी कधी कशात हात आखडला नाही." एवढं बोलून हंसराजभाईंनी आपली गादी उचलली आणि छतावरच्या सोनेरी नावाच्या बरोबर खाली टाकली. इज्जतीचा प्रश्न म्हटल्यावर भाऊ आले, जावई आले, व्याहीही सरकले. बायकांच्या मागे आता पुरुषांची दाटी झाली. जेंतीनं मोकळी करायला घेतलेली जागा त्याच्यामुळेच गच्च भरली.

गलबला ऐकून रंभाबेननं मान वळवली. "काय झालं?"

"छत पडेल म्हणतोय तुझा नवरा," कुणीतरी हसून सांगितलं.

"टांगलं कुणी?"

"तोच म्हणतो, मी."

रंभाबेननं पदर खोचला. "उठा गं सगळ्या. आमच्या घरचा पंखा यांनीच टांगलाय. लग्न झाल्यापासून आम्ही त्याच्या बाजूला झोपतो, खाली नाही."

यावर एकाही बाईनं दुसरा प्रश्न विचारला नाही. वालजीबापांची विधवासुद्धा फोटो काखेत मारून बाहेर गेली. पुरुष मात्र बसून राहिले. बायकोच्या मागे उठायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. तो सुटेपर्यंत घामाघूम झालेल्या हंसराजभाईंनी पाणी मागितलं आणि दारात चपला सांभाळणारा म्हातारा वेलो लोटा घेऊन आत धावला.

मग छत आलं. आधी पीओपी, मग जेंतीचे पाइप, मग आगीचे, मग प्लंबरचे. ज्या क्रमानं बांधले त्याच्या बरोबर उलट, आणि शेवटी पाणी. हंसराजभाईंचा पाय मोडला, जावयांची डोकी फुटली. वेलो गेला. त्याचं बेसणं वाडीत झालं नाही. वाडी समाजाची होती आणि तो समाजाचा नव्हता.

फौजदारानं सगळ्यांना एकच विचारलं, काम कुणी केलं. लाभूभाई म्हणाले, कमिटीनं. प्लंबर म्हणाला, आगवाल्यानं. आगवाला गावात नव्हता. छतवाला म्हणाला, छत चांगलंच होतं, अजूनही चांगलं आहे, फक्त खाली आहे. "मी" म्हणालेला माणूस अख्ख्या गावात एकच होता. त्याला धरून नेलं.

कोठडीत जेंती उताणा पडला आणि सवयीनं वर पाहिलं. पाण्याचा जाड पाइप कोठडीतून गजांवरून पलीकडे जमादाराच्या टेबलाच्या वरून गेला होता, आणि तारेनं पंख्याच्या हुकाला बांधलेला होता. तारेला तीन पीळ, टोक डावीकडे मुडपलेलं. असा पीळ गोंडलात एकाच पकडीतून निघत असे, जेंतीच्या.

खाली जमादार बशीत चहा ओतून फुंकत होता.

"जमादारसाहेब, खुर्ची तिथून हलवा."

"का रे?"

मागच्या वेळी खरं बोलून काय झालं ते जेंतीला आठवलं. तरीही म्हणाला, "हे कामसुद्धा माझंच आहे."

जमादारानं वर पाहिलं. बशी खाली ठेवली. खुर्ची उचलून व्हरांड्यात नेली. मग परत आला, कोठडीचं कुलूप एकदा ओढून नीट बसलंय का ते पाहिलं, आणि बशी घेऊन बाहेर गेला.