झुंबक्याचा डावा पाय

चिखलीत माझ्याइतकी कल्पनाशक्ती कोणाकडे असेल, तर त्याने पुढे यावं! शाळेतली कारकुनी सांभाळून मी गच्चीवर अख्खा देश वसवलाय. डोंगर मुरमाचे, झाडं वाळक्या शेंगांची, राजवाडा सुगरणीच्या खोप्याचा! शैलजा, म्हणजे आमची बायको, त्याला 'कचरा' म्हणते. असो.

या देशाचा प्राणिकोश लिहिताना गाडी अडली ती झुंबक्यापाशी. झुंबक्या म्हणजे सहा बोटांचा, बिनशेपटीचा, लाजाळू प्राणी. त्याच्या पावलाचा फोटो हवाच! जुन्या स्लिपरच्या तळाला मी सहा सागरगोटे चिकटवले, नखांसाठी बाभळीचे काटे लावले आणि सकाळीच गल्लीमागची, शेतांकडे जाणारी ओली पांदण गाठली. माणसाचं पाऊल उमटू नये म्हणून ती स्लिपर एका पायात चढवून, कुंपणाची तार धरून लंगडी घातली. वीस ठसे! फोटो झकास!

दहा वाजता गल्लीत बोंब!

"वाघ आला!"

"वाघ नाई बे, अस्वल!"

कापूस वेचायला निघालेल्या बाया माघारी फिरल्या. शेजारच्या आसिमभाईंनी शेळ्या बैठकीत घेतल्या आणि स्वतः बाजेवर चढले. वनरक्षक देवानंद टेप घेऊन आला. ठसे मोजता मोजता त्याचा चेहरा वाळल्या वांग्यासारखा झाला.

"सहा बोटं हायेत. अन् सगळे पाय डावेच! एका पायाचं जनावर हाये हे. उड्या मारत जाते!"

"म्या पाह्यलं न बापा!" सत्तरीच्या भिमाबाई पुढे आल्या. "हेल्याएवढं होतं! शेपूट तं या खांबापासून त्या खांबापर्यंत!"

मला राहवेना. "शेपूट नाही हो त्याला!"

"तुले काय मालूम? तू पाह्यलं काय?"

"अहो, मीच केलंय ते!"

सगळं सांगून टाकलं. देश, कोश, लंगडी! पुरावा म्हणून शैलजाला स्लिपर आणायला सांगितली.

"ते काट्याची चप्पल? घंटागाडीत टाकली न मी! कोनाच्या पायात घुसली असती म्हंजे?"

"मंग लंगडी घालून दाखवा," देवानंद म्हणाला.

आता हाताला तार नव्हती. दुसऱ्याच उडीत बावन्न वर्षांचा देह चिखलात आडवा!

"यायच्याच्यानं लंगडी होत नाई," देवानंदने निकाल दिला.

आसिमभाईंचे डोळे भरून आले. "आपल्याले भेव लागू नये म्हनून चिंतामणभाऊ इल्जाम सोतावर घेऊन राह्यले! काय दिलदार मानूस!"

"असा बहाद्दर सोबत असल्यावर आपन काऊन भ्यायचं?" भिमाबाईंनी पदर खोचला. "चाल रे चिंतामण, पुढं हो!"

कोणीतरी हातात काठी दिली, आणि कापूस वेचायला निघाली आमची फौज! पुढे मी, मागे पंधरा बाया. छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं. अर्ध्या वाटेवर तुरीत खुसफुस झाली.

"झुंबक्या!" मी किंचाळलो.

तुरीतून ससा निघाला म्हणे. मी काही पाहिला नाही. मी तोवर गल्लीत पोचलो होतो!