नऊशे नव्वद दिव्यांची चाचणी

बळीराम भोईर यांच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नव्हती. निदान त्यांनी ती मान्य केलेली नव्हती. भूमापन खात्यात चौतीस वर्षे लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून ते निवृत्त झाले, तेव्हा मोजणीची साखळी खात्याकडे जमा झाली, पण मोजण्याची खोड मात्र त्यांच्याबरोबर विचुंब्याला घरी आली. आपल्या दुमजली घराच्या जिन्याची कोणती पायरी पाव इंच उंच आहे, हे ते झोपेतही सांगत. आणि कोणी विचारले नसले, तरी सांगत.

अशा माणसाच्या घराला नाव ठेवावे, आणि तेही होणाऱ्या व्याह्याने!

झाले होते ते असे. भोईरांच्या दीपेशला गव्हाणच्या बुधाजीशेठची मनस्वी सांगून आली होती. मुलाने मुलीला आणि मुलीने मुलाला पसंत केले होते. इतके, की दीपेशच्या फोनचे चार्जिंग दुपारच्या जेवणाआधीच संपू लागले होते. अडले होते फक्त बुधाजीशेठच्या शब्दावर. रविवारी घर पाहून ते शेवटचा होकार देणार होते. परंतु एकदा बाहेरूनच गाडीने जाताना त्यांनी मध्यस्थाजवळ उद्गार काढला, ‘पोरगा चांगला हाय, पन घर म्हंजे नुसतं गोदाम!’

हा उद्गार ऐकल्यापासून बळीरामांना जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केले, ‘समोरच्या सहाही खिडक्यांना दिवे लावायचे!’

‘अवो, दिवाली गेली कवाच!’ त्यांच्या पत्नी मालूबाई म्हणाल्या. ‘नि लावायचेच तर पनवेलच्या बाजारातनं दोन माला आना, खिल्याला अडकवा नि गप बसा.’

‘माळ म्हणजे जत्रेतली गर्दी! एक पेटला की सगळे पेटले. मी म्हणतो त्या एलईडी पट्टीवर प्रत्येक दिव्याला स्वतःचा क्रमांक असतो. चारशे बाराव्याला सांगितले, तू निळा हो, की तोच निळा होतो. शेजारचा जागचा हलत नाही!’

‘म्हंजे या घरात तुमचं ऐकनारं कोनीतरी आलं म्हनायचं!’

बळीरामांनी हा आक्षेप फेटाळला आणि आलेखकागद पसरला. आठ दिवस ते त्या कागदावर असे ओणवे होते, जणू पनवेल तालुक्याची फेरमोजणी चालली आहे. एका खिडकीचा घेर साडेपाच मीटर, मीटरला तीस दिवे. म्हणजे खिडकीला एकशे पासष्ट आणि घराला नऊशे नव्वद. अशा पट्टीत हुकूम एकाच दिशेने पुढे सरकतो, म्हणून कोणत्या खिडकीनंतर कोणती, हे बाणांनी दाखवले. ऐन वेळी वीज गेली तर फजिती नको, म्हणून सगळ्या पट्ट्या माळ्यावरच्या इन्व्हर्टरला जोडल्या. मालूबाईंचा पंखा त्यासाठी इन्व्हर्टरवरून काढण्यात आला. शोभा असावी पण उथळपणा नसावा, म्हणून रंग एकच ठरला : झेंडूसारखा गर्द पिवळा.

‘पप्पा, या पट्टीच्या अ‍ॅपमध्ये रेडीमेड पॅटर्न असतात,’ दीपेश म्हणाला. ‘पाच मिनिटांचं काम आहे.’

‘पाच मिनिटांच्या कामावर माझा विश्वास नाही. आधी चाचणी! शुक्रवारी सायंकाळी सात ते नऊ. आणि लिहून ठेव, नऊशे नव्वदांतला एकही दिवा मुका निघणार नाही!’

नऊला आपोआप विझण्याची वेळ अ‍ॅपमध्ये आधीच लावून, शुक्रवारी सातच्या ठोक्याला बळीरामांनी फोनवर बोट टेकले, आणि घर पेटले! सहा खिडक्या पिवळ्याजर्द होऊन अशा झळकल्या, की रस्त्यावरच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून दाद दिली. बळीराम अंगणात उभे राहिले, पाठीमागे हात बांधले आणि आपल्याच घराकडे परक्याच्या नजरेने पाहू लागले. गोदाम? आता म्हणा गोदाम!

त्यांनी सगळ्याचा विचार केला होता. फक्त महिन्याचा केला नव्हता. मार्गशीर्ष चालू होता, लग्नसराई ऐन भरात होती. आणि विचुंब्यात लग्नाच्या वयाचा मुलगा असलेले घर वरपासून खालपर्यंत उजळले, की त्याचा अर्थ एकच : आज हळद! त्यातून रंग पिवळा!

पहिली आली शेजारची नीता. ‘काका, दीपेशची हलद नि आमाला सांगितलं पन नाय? बरं, मी स्टेटसला फोटो टाकलाय. मस्त दिसतंय घर!’

‘हळद नाही! ही चाचणी आहे!’

‘काय पन काका!’ असे म्हणून नीता साडी बदलायला धावली.

तिच्यापाठोपाठ ठमाबाई आल्या. ठमाबाई म्हणजे गावची धवलारीण. लग्नातला प्रत्येक विधी त्यांच्या धवल्याच्या गाण्याने सुरू व्हायचा आणि त्यांच्या गाण्यानेच संपायचा. वय पंचाहत्तर, आवाज मात्र पंचविशीतला.

‘बलीराम! तुज्या लग्नाला धवला मी गायली, नि पोराच्या हलदीला मला आवतान नाय?’

‘मावशी, दिव्यांची चाचणी घेतोय.’

‘दिव्यांना हलद लावतात व्हय रं?’ त्या पायरीवर बसल्या, पदर खोचला आणि गायला लागल्या. बळीराम मध्ये बोलू लागताच त्यांनी हात वर केला. ‘सुरू केलेला धवला मी मधी तोडत नाय!’

अर्ध्या तासात अंगणात साठ माणसे जमली. खुर्च्या आल्या, पाटा-वरवंटा आला, हळद वाटली जाऊ लागली. गल्लीच्या टोकाला राहणारा प्रितेश कागद-पेन घेऊन विचारू लागला, ‘काका, बोकड किती सांगू? दोन पुरतील?’

आता मात्र दिवे विझवणे भाग होते. बळीरामांनी अ‍ॅप उघडले, तोच फोन वाजला. पळस्प्याहून मालूबाईंचा भाऊ! ‘भावजी, भाच्याची हलद नि मामाला खबर नाय? मी काय मेलो काय?’ त्याला कसेबसे आवरून पुन्हा अ‍ॅप उघडावे, तर साडू. मग चुलतभाऊ. अ‍ॅप उघडायला लागत दहा सेकंद, आणि नातेवाईक रुसायला पाच! शेवटी त्यांनी धावत जाऊन मुख्य बटणच बंद केले. सगळे घर काळेकुट्ट झाले, आणि इन्व्हर्टरवरचे नऊशे नव्वद दिवे त्या काळोखात दुप्पट तेजाने तळपू लागले. अंगणातून टाळ्या पडल्या! माळ्यावर चढून इन्व्हर्टर बंद करावा, तर शिडीवर उभे राहून तिघे जण दाराला आंब्याचे डहाळे बांधत होते.

तेवढ्यात मालूबाई आल्या. त्यांचा चेहरा पडला होता. ‘अवो, दीपेशचा फोन बंद, म्हनून मनस्वीचा मला फोन आलेला. नीताचा फोटो गव्हानला पोचला. पोरगी रडत होती... विचारते, दीपेशचं दुसरीकडं ठरलं काय? तिचे वडील गाडी काढून इकडं निघालेत.’

 घर सजवता सजवता बळीरामांनी सूनच घालवली होती!

साडेआठला एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या. उरणच्या गोदीतली पाळी संपवून दीपेश फाटकातून आत आला आणि बायकांनी त्याला पाटावर बसवून नखशिखांत पिवळा केला. आणि त्याच्या मागोमाग, मिशा थरथरत असलेले बुधाजीशेठ आत शिरले.

‘आमच्या पोरीला लटकत ठेवलं नि हलद कोनाच्या नावाची लावली?’

धवला थांबला नाही. बाकी सगळे थांबले.

‘अंकल, मला स्वतःला माहीत नाही!’ पाटावरून दीपेश म्हणाला. नवरदेवाच्या तोंडी हे उत्तर शोभत नव्हते.

बळीराम आत गेले आणि आलेखकागद घेऊन आले. ‘शेठ, ओरडण्यापूर्वी कागद वाचा. माथ्यावर काय लिहिले आहे?’

बुधाजीशेठनी चष्मा चढवला. पिवळ्या उजेडात अक्षर अन् अक्षर स्वच्छ दिसत होते. ‘प्रयोजन : रविवारी येणारे गव्हाणचे पाहुणे श्री. बुधाजीशेठ यांचे यथोचित स्वागत. चाचणी : शुक्रवार, सायंकाळी सात ते नऊ.’

‘कागद काय, आता पन लिवता येतो!’

‘मग थांबा. माझे खरे असेल, तर बरोबर नऊ वाजता हे दिवे आपोआप विझतील. हळदीच्या घरचे दिवे कोणी नऊला विझवतो का?’

हा मुद्दा बिनतोड होता. विचुंब्यात नऊला हळद जेमतेम तापते. बुधाजीशेठ खुर्ची ओढून बसले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहू लागले. आठ सत्तावन्न. आठ अठ्ठावन्न.  आयुष्यात प्रथमच बळीरामांना स्वतःच्या मोजमापाची शंका आली.

नऊ!

दिवे विझले. मुख्य बटण आधीच बंद असल्यामुळे घरात, अंगणात, सगळीकडे मिट्ट काळोख पसरला. त्या काळोखात ठमाबाईंचा धवला संपला आणि त्यांचा आवाज आला, ‘व्याही कुठं हाय? हात कर रं बाबा पुढं. नवऱ्याची उष्टी हलद हाय ही. नवरीला न्यायची.’

वाटी पुढे झाली. नवऱ्याच्या अंगाची हळद मुलीच्या बापाने हातात घेतली, की वेगळा होकार कशाला हवा! कोणी तरी फोनचा उजेड टाकला. वाटी बुधाजीशेठच्या हातात होती, आणि मिशा थरथरत होत्या. पण आता हसू दाबल्याने.

‘हलद नेतो,’ ते म्हणाले. ‘पन घर बघायला रविवारी येनारच.’

ते आले. सकाळी अकरा वाजता!

लख्ख ऊन पडले होते. बळीरामांनी तरीही नऊशे नव्वद दिवे लावले आणि व्याह्यांना खिडकी क्रमांक एकपासून फिरवू लागले. मालूबाई प्रत्येक खिडकीवर छत्री धरत होत्या आणि त्या छत्रीच्या सावलीत बळीराम दाखवत होते, ‘हा पाहा, पेटलाय!’ बुधाजीशेठ वाकून, डोळे बारीक करून, एकेक दिवा बोटाने मोजत होते. तासाभराने त्यांनी कंबर सरळ केली.

‘घर झकास हाय. पोरगी दिली!’ ते म्हणाले. ‘पन बलीरामशेठ, चार नंबरच्या खिडकीत एक दिवा बंद हाय.’

मालूबाईंनी छत्री मिटली. दीपेश लगबगीने पेढे आणायला आत गेला. आणि बळीराम, पोराच्या लग्नाचा आनंद क्षणभर बाजूला ठेवून, कागदाकडे न पाहताच पडेल आवाजात म्हणाले,

‘पाचशे चौऱ्याऐंशीवा. पण तो शुक्रवारी पेटला होता!’