पाच सिनेमांचे चिरंजीव

"आई, तू माझ्याशी लग्न करशील?"

"कट!" दिग्दर्शक ओरडला आणि लाइटवाल्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळं युनिट पोट धरधरून हसलं.

संवाद चुकलेल्या दादांचाही इलाज नव्हता. याआधी लागोपाठ पाच सिनेमांत ते समोरच्या ताईंचे चिरंजीव झाले होते. प्रत्यक्षात ताईंपेक्षा दोन वर्षांनी मोठे. पण डोक्यावर काळ्या केसांचा टोप चढवला की पुरुष पन्नाशीतही कॉलेजात जायचा आणि बाईच्या नशिबी चाळिशीतच अंथरूण आणि खोकला यायचा. ताईंची उमेदीची सगळी वर्षं खोकण्यात गेली होती. आता साठी उलटल्यावर वारं फिरलं, लोकांना पिकल्या केसांची प्रेमकथा आवडू लागली आणि ताई आयुष्यात पहिल्यांदा नायिका झाल्या. मेले तरी हे काम सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

दुसऱ्या टेकला दादांनी 'आई' कशीबशी गिळली, तर ताईंच्या हाताने दगा दिला. सवयीने तो दादांच्या डोक्यावरून फिरला आणि त्या कळवळून म्हणाल्या, "किती वाळलास रे!" दादांच्या शर्टाची बटणं त्या वेळी जिवावर उदार होऊन तग धरून होती.

तिसऱ्या टेकला ताईंना ठसका लागला. तो ऐकताच दादा लग्नाचं विचारायचं सोडून औषधाची बाटली शोधत धावले.

निर्मात्याने दिग्दर्शकाला कोपऱ्यात घेतलं. कुजबुजणं मात्र त्याला जन्मात जमलं नव्हतं. "तिशीतली एखादी घेऊ. केस पांढरे करू. ह्या आईच दिसतात हो!"

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी आई दिसते, कारण हा कुक्कुलं बाळ होऊन बसलाय! सकाळपासून पोट आत ओढून श्वास कोंडलाय त्याने. सोड रे तो श्वास! आणि काढ ते डोक्यावरचं!"

दादांनी मुकाट्याने टोप काढला, श्वास सोडला. दोन बटणं उडाली.

"हुश्श! किती वर्षांनी मोकळं वाटतंय गं," ते म्हणाले आणि दोघंही खो खो हसत सुटली. हसता हसताच त्यांनी विचारलं, "काय, करतेस का लग्न?"

"करते की! पण यापुढे आजारी तू पडायचंस."

कॅमेरा चालूच होता. दिग्दर्शक 'कट' म्हणायचं विसरला.

सिनेमा धो धो चालला. ताईंच्या दारात निर्मात्यांची रीघ लागली. दादांचा फोन मात्र गप्पच होता. शेवटी एके दिवशी ताईंनीच तो वाजवला.

"अरे, माझ्या नव्या सिनेमात तुला मोठं काम आहे. मीच शब्द टाकलाय."

दादा हरखले. "पुन्हा नवरा?"

"नाही रे," ताई प्रेमाने म्हणाल्या, "माझे वडील."