मेहुण्याच्या विहिरीवरील मोहीम

अखंडित-पोटदुखी-अलंकृत चुडामण पाटील, मौजे बोरखेडे, प्रांत धुळे, यांणी इंग्रजी अमलात, सन एकोणीसशे छत्तीसचे उन्हाळ्यात परसुखावर जी स्वारी केली, तिची हकीकत जशी घडली तशी लिहिली आहे. कोणी मागाहून गोड केली तर त्याचे पाप त्याचे माथी.

कारण ऐसे जे, पाटलांचे मेहुणे रुपचंद यांचे नव्या विहिरीस अफाट पाणी लागले, आणि पाटलांची विहीर कोरडी ठणठणीत, आणि मग पाटलांचे अन्न तुटले. त्यात मेहुण्याचे घरची रीत अशी की, नव्या विहिरीचे पहिले पाणी घरधनिणीचे भावाने हसतमुखे प्यावे. तोंड वाकडे दिसल्यास तीस सासरी जन्माचा बोल. घरधनीण म्हणजे पाटलांची सख्खी बहीण सुंदरबाई. ती जातीने बोलावावयास आली. "दादा, तू उना नही ते मन्ही लाज जाई," एवढे बोलून गेली. पाटलीणबाई पुष्पाबाई चुलीपासून वदल्या, "पानी त्यास्ना इहिरले लागनं, आन आग तुम्हना पोटमा."

मग मारुतीचे धर्मशाळेत लेण्यांकडून आलेले एक बौद्ध भिक्षू उतरले होते, त्यांस पाटलांणी इलाज पुसिला. फर्मान झाले की डोळे मिटावे, सुखी माणूस मनी आणावा, आणि 'याचे सुख टिको, वाढो' ऐसे चिंतावे. यास मुदिता म्हणतात. पाटील निंबाखाली मांडी ठोकून बसले. 'टिको' हा बुरूज कसाबसा सर झाला. 'वाढो'पाशी फौज अडली. मग तहाची बोली लाविली, "महाराज, टिको म्हनस, बठ्ठं, समदं टिको. वाढो कशाले?" भिक्षू हसले. तह नामंजूर.

मुहूर्त आला. पाटील विहिरीवर दाखल जाहले, मिशांस तूप, मनात कोळसा. भाऊबंद टक लावून उभे. मोट वर आली, पाटलांणी ओंजळ भरून घोट घेतला, आणि पाणी निघाले साखरेसारखे. मुद्रा पडावयास आली, तोच मोट कलंडून सुंदरबाई नखशिखांत भिजली, आणि सासूदेखत खदखदून हसली. लग्नानंतर तिचे ते हसणे पाटलांणी ऐकिले नव्हते. पाटील हसले. चिंतले काही नव्हते, हसले.

मग रुपचंदांणी "पाटील, आते दुसरी इहीर बी खंदसू" ऐसे सांगितले, आणि जिंकिला मुलूख तत्क्षणी पुनश्च गेला. तथापि बहिणीची लाज राहिली, आणि पळभर पाटील परसुखाचे धनी होते, हे नमूद. सख्ख्या बहिणीच्या हसण्याला हसावयास ज्यांस धर्मशाळेतून कुमक आणावी लागते, ऐशा थोर पुरुषांची ही फत्ते येथे लिहून ठेविली, कारण घरचे कोणी सांगतील तर लोकांस खरे वाटणार नाही.