ब्रेंडाचा नैवेद्य

ब्रेंडाचं वजन वाढलं नाही तर सौमित्रला भारतात परत जावं लागणार होतं. ब्रेंडा ही गाय होती. सौमित्रचा व्हिसा असिस्टंटशिपवर टिकून होता, असिस्टंटशिप प्रोजेक्टवर आणि प्रोजेक्ट ब्रेंडाच्या पोटावर.

प्रोजेक्ट आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या खेड्यांसाठी होता. तिथे कोरड्या दिवसांत गवत संपतं आणि गुरांची हाडं दिसायला लागतात. त्यांच्यासाठी मक्याची ताटं आणि भुईमुगाचा पाला कुटून स्वस्त खाद्य बनवायचं होतं. ते सौमित्रने बनवलं, कॉम्प्युटरवर. तो मूळचा पुण्याचा प्रॉडक्शन इंजिनिअर. पण मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठात आल्यावर प्रोफेसर हॅलोरननी "तू इंडियाचा, म्हणजे गाई तुला माहीतच असणार" असं म्हटलं, तेव्हा तो "ऑफकोर्स" म्हणाला होता. गाई त्याने स्कूटरवरून, चुकवताना पाहिल्या होत्या.

पैसे 'फोर लेग्ज फॉरवर्ड फाउंडेशन' द्यायचं. त्यांनी माहितीपत्रक इतकं गुळगुळीत कागदावर छापलं होतं की प्रयोगासाठी एकाच गाईपुरते पैसे उरले. ती ब्रेंडा. गावाबाहेरच्या एका भाड्याच्या गोठ्यात ती एकटी उभी असायची आणि मलावीतल्या दुष्काळाचं प्रतिनिधित्व करायची.

महिन्यातून एकदा स्पीकरफोनवर मलावीच्या मिसेस फिरी यायच्या. त्या जनावरांच्या दवाखान्यात सहायक होत्या. दवाखाना म्हणजे त्या आणि त्यांची सायकल.

"डॉक्टर, गोचीडतापाने वासरं मरतायत. औषध आलं नाही. आणि सायकलची ट्यूब फाटलीय. मी चालत फिरते. मागच्या वेळीही सांगितलं होतं."

"नोंद घेतली आहे," हॅलोरन म्हणायचे. सौमित्र नोंद घ्यायचा.

ऑक्टोबर आला तरी ब्रेंडा होती तेवढीच होती. उलट थोडी आत गेली होती. हॅलोरननी चष्मा काढून पुसला. "डिसेंबरमध्ये रिपोर्ट जाणार. आकडे असेच राहिले तर फाउंडेशन प्रोजेक्ट बंद करेल. यू अंडरस्टँड?"

सौमित्रला अंडरस्टँड झालं. तो रविवारी सुलेखाकाकूंकडे जेवायला गेला आणि वरणभात कालवता कालवता त्याने सगळं सांगून टाकलं. काकू मराठी मंडळाच्या सांस्कृतिक सचिव. त्यांना त्या सगळ्यातला एकच शब्द ऐकू आला.

"तुझ्याकडे गाय आहे?"

"काकू, ती रिसर्चची आहे."

"अरे, इतकी वर्षं आम्ही वसुबारसेला कॅलेंडरवरच्या गाईला कुंकू लावतोय. आणि तू खुशाल गाय ठेवून बसलायस. फक्त पूजा करू रे. दहा मिनिटं. घे, भात घे अजून."

त्याने भात घेतला. इथेच त्याचं चुकलं.

वसुबारसेच्या संध्याकाळी गोठ्याबाहेर मिनीव्हॅनची रांग लागली. थंडी मरणाची होती. साड्यांवर जाड पार्का कोट घातलेल्या बायकांनी ब्रेंडाला ओवाळलं. पूजेला गाईबरोबर वासरू लागतं. ते नव्हतं, म्हणून काकूंच्या अनिकाने लहानपणीचा कापडी जिराफ आणून शेजारी उभा केला. "मॉम, दिस इज सो एम्बॅरसिंग," असं ती म्हणाली, पण जिराफ तिनेच आणला होता. मग काकूंनी फॉइल सोडली. आत पुरणपोळ्या.

"अगं, आज गहू खात नाहीत ना?" मंडळातल्या सुलभामावशींनी शंका काढली.

"आपण खायचा नाही. गाईला कुठे उपास आहे?"

ब्रेंडाने पुरणपोळी हुंगली. इतके महिने तिच्यापुढे फक्त ताटं येत होती. तिने पोळी फॉइलसकट ओढली. सौमित्रने फॉइल काढून घेतली. पोळी काढून घेणं त्याच्याने झालं नाही, कारण बायका नमस्कार करत होत्या.

प्रकरण तिथेच संपलं असतं. पण त्याच आठवड्यात सुलभामावशींच्या नवऱ्याचं सहा वर्षं अडकलेलं ग्रीन कार्ड आलं.

मंडळात बातमी पसरायला एक पॉटलक जेवण पुरलं. मिशिगनमध्ये गोठ्याला कडी असते, कुलूप नसतं. सौमित्र सकाळी खाद्य टाकून लॅबमध्ये गेला की लोक येऊ लागले. कुणी एचवन व्हिसासाठी, कुणी घराच्या लोनसाठी, कुणी मुलाच्या एसएटी परीक्षेसाठी. त्र्यंबककाका तर तासभर लांबच्या टोलेडोहून ड्राइव्ह करून आले आणि डबाभर शिरा घालून गेले. जाताना ते गव्हाण झाडून आणि तिचं तोंड पुसून जात, त्यामुळे सौमित्रला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की ब्रेंडा फुगत चालली आहे. त्याने आनंदाने आईला फोन केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी उपयोगाचं केलं, असं त्याला वाटलं.

हे वाटणं थँक्सगिव्हिंगपर्यंत टिकलं. त्या दिवशी लॅब बंद, म्हणून तो दुपारीच गोठ्यात गेला. ब्रेंडाच्या नाकाला तूप होतं. कपाळावर कुंकवाचा थर. गव्हाणीत त्याचं खाद्य जसंच्या तसं पडलं होतं, आणि त्यावर एक चिठ्ठी: 'ग्रीन कार्डचं लेबर सर्टिफिकेशन, प्लीज.'

दोन रात्री त्याने विचार केला. गप्प बसलं तर व्हिसा राहतो. पण मलावीतल्या गुरांच्या नशिबी ब्रेंडाने नाकारलेली ताटं येतात. तिसऱ्या दिवशी तो हॅलोरनसमोर उभा राहिला आणि सगळं बोलून मोकळा झाला. आता सामान कुठल्या बॅगेत भरायचं, याचा हिशोबही त्याने मनात सुरू केला होता.

हॅलोरननी वही पुढे ओढली.

"या ब्रेडमध्ये नेमकं काय असतं?"

"हरभऱ्याची डाळ, गहू, गूळ, तूप."

"म्हणजे डाळवर्गीय पीक, तृणधान्य, उसाचा पदार्थ आणि स्निग्धांश." त्यांनी पेन उचललं. "सौमित्र, याला पूरक आहार म्हणतात. तू हे लपवून का ठेवलंस?"

"सर, पण मलावीत हे कुणाला परवडणार?"

"परवडणं हा इकॉनॉमिक्स डिपार्टमेंटचा विषय आहे."

फाउंडेशनला पूरक आहार फार आवडला. एकतर तो वजन वाढवत होता आणि दुसरं म्हणजे त्याचा फोटो छान येत होता. नव्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ब्रेंडा झळकली, कपाळावर कुंकू आणि शेजारी कापडी जिराफ. जिराफ मुद्दाम आफ्रिकेची आठवण म्हणून ठेवला असावा, अशी फाउंडेशनची समजूत झाली. ती कुणी दुरुस्त केली नाही. मार्चमध्ये डाळ, गहू आणि गूळ यांचा कंटेनर मलावीला रवाना झाला. पोत्यांवर ठसठशीत अक्षरं होती: फक्त जनावरांसाठी.

त्या साली तिकडे मका पिकला नव्हता. हे मिसेस फिरींनी दोनदा सांगितलं होतं. त्याचीही नोंद होती.

जूनमध्ये स्पीकरफोन वाजला. या वेळी फाउंडेशनच्या डायरेक्टरबाईही लाइनवर होत्या.

"मिसेस फिरी, पूरक आहाराचा रिझल्ट काय?" हॅलोरननी विचारलं.

"फार चांगला, डॉक्टर. सगळ्यांची वजनं वाढली."

"वंडरफुल. किती गुरांची?"

"गुरांची नाही."

"मग कुणाची?" डायरेक्टरबाईंनी विचारलं.

"गुरं तशीच आहेत," मिसेस फिरी म्हणाल्या. "पोरं बरी दिसायला लागलीत. म्हातारे उठून बसतायत. डाळ फार चांगली शिजते. गावाने आभार सांगितलेत."

"पण पोत्यावर स्पष्ट लिहिलं होतं," डायरेक्टरबाई म्हणाल्या.

"हो. आम्ही वाचलं."

डायरेक्टरबाईंनी त्याच दुपारी खाद्यपुरवठा थांबवला. जनावरांच्या नावाने आलेला पैसा माणसांवर खर्च होणं नियमात बसत नव्हतं. सौमित्र घरी गेला आणि त्याने खरोखरच बॅग काढली. अर्धी भरली तोवर हॅलोरनचा फोन आला.

"अनपॅक कर. नवी ग्रँट मिळतेय, आधीच्या दुप्पट. ग्रामीण भागात माणसं जनावरांचं खाद्य का खातात, यावर तीन वर्षांचा अभ्यास. तू लीड करायचंस."

सुलेखाकाकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी हात जोडले. "बघ, म्हटलं नव्हतं? पावली." ब्रेंडाला मात्र नव्या अभ्यासात जागा नव्हती. प्रोजेक्टची मालमत्ता म्हणून तिचा लिलाव झाला. ती कुणी आणि कशासाठी घेतली हे सौमित्रने मंडळात सांगितलं नाही. बायकांनी डबे कुठे न्यायचे ते विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "ओहायोला शिफ्ट झाली."

नव्या अभ्यासाचा पहिला कॉल सौमित्रने स्वतः घेतला. प्रश्न त्याने टाइप करून ठेवले होते.

"मिसेस फिरी, तुमच्या मते लोकांनी ते खाद्य का खाल्लं असावं?"

"त्यांना भूक लागली होती."

"ते आपण निष्कर्षात बघू. आधी पार्श्वभूमी घेऊया."

"घ्या," मिसेस फिरी म्हणाल्या. "तीन वर्षं आहेत ना तुमच्याकडे? माझ्याकडची अजून चार वासरं गेली. औषध आलं नाही. आणि ट्यूब."

"नोंद घेतली आहे," सौमित्र म्हणाला. शब्द तोंडून गेल्यावर त्याला वाटलं, आवाज हुबेहूब हॅलोरनसारखा आला.

मग त्याने नोंद घेतली. व्हिसा आता आणखी तीन वर्षांसाठी वाढला होता. नोंदी घ्यायला वेळच वेळ होता.