बंद मजल्यावरचा जावई

मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी होती आणि आगामीने ‘बंद मजला’ या सिरीजचा एकही एपिसोड पाहिलेला नव्हता.

आगामी हे काही त्याचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. मनोरंजनाच्या एका वेबसाइटवर तो ‘आगामी’ नावाचं सदर लिहायचा. कुठला भयपट येतोय, कुठल्या अंतराळपटाची तारीख पुढे गेली, कुठल्या सिरीजचा दुसरा सीझन कुठल्या ओटीटीवर येणार, हे वाचकांना सगळ्यांत आधी त्याच्याकडून कळायचं. ऑफिसात त्याला तेच नाव पडलं आणि पुढे नातेवाइकांतही पोचलं. तर या आगामीची एक गंमत होती. येणाऱ्या गोष्टीवर त्याचा भारी जीव, पण ती एकदा आली की त्याचा तिच्यातला रस संपला. “आलेल्यात बातमी कुठे असते?” असं तो वर म्हणायचा. ‘बंद मजला’चं पोस्टर, टीझर, ट्रेलर, ट्रेलरमधल्या लिफ्टच्या बटणांचा गूढ अर्थ, सगळ्यावर त्याने भरभरून लिहिलं होतं. सिरीज आली त्या दिवशी मात्र तो पुढच्या वर्षीच्या एका रोबोटपटात गळ्यापर्यंत बुडालेला होता.

घरातही त्याचं हेच. भिंतींचा रंग, डोंगरातली सहल, शहराच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहणाऱ्या सासूबाईंकडे जेवायला जाणं, सगळंच आगामी. सासूबाईंचा दर आठवड्याला फोन यायचा, आणि हा अगदी मनापासून म्हणायचा, “येत्या रविवारी नक्की येतो, आई.” बोलताना तो खोटं बोलत नसे. त्या क्षणी त्याला खरंच जायचं असे, हीच तर सगळी पंचाईत होती.

‘बंद मजला’ बायकोने पाहिली होती. दोघांनी मिळून बघायची म्हणून ती पुष्कळ दिवस थांबली होती आणि मग एका दुपारी एकटीच बघायला बसली होती. म्हणून त्या संध्याकाळी जेवताना आगामी तिला म्हणाला, “तू मला गोष्ट सांग ना. सगळे एपिसोड बघायला आता वेळ कुठे आहे?”

बायको खूश झाली. बऱ्याच दिवसांनी नवऱ्याने आपण होऊन काहीतरी सांग म्हटलं होतं. तिने घास हातात धरून अगदी रंगवून सांगायला सुरुवात केली. “एक जुनी इमारत असते. वरचा मजला कायमचा बंद. पण लिफ्ट आपोआप तिथे जाऊन थांबते. रखवालदाराला वाटतं, वायरिंग खराब असेल...”

इथे आगामीचा मोबाईल थरथरला. अंतराळपटाची तारीख पुन्हा बदलली होती. त्याने ताटाशेजारी मोबाईल ठेवला आणि एक डोळा त्यात, एक कान बायकोकडे, असं सुरू केलं. तोंडाने अधूनमधून “हं” चालू होतं. बायकोने लिफ्टचं दार शेवटी कसं उघडतं तेही सांगितलं आणि म्हणाली, “झालं, संपली. बरं, आता आईकडचं ऐका.”

हे एवढंच वाक्य आगामीच्या कानात शिरलं नाही. पुढची सगळी शिरली.

“आई रविवारी दोन ताटं वाढते. एक स्वतःचं आणि एक खिडकीपाशी, बाबा बसायचे तिथे. दुसऱ्या ताटावर कुणीच नसतं. ती बराच वेळ वाट बघते आणि मग एकटी जेवते.”

आगामीने मान वर केली. “बापरे! अंगावर काटा आला.”

“दादानेही परवा पाहिलं. तो म्हणतो, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. घर भाड्याने देऊन तिला लांब तो राहतो त्या गावी घेऊन जायचं म्हणतो. तिला अजिबात जायचं नाहीये.”

“मग मुलगी काय करते?”

बायकोला वाटलं, नवरा लाडात येऊन विचारतोय. “मुलगी काय करणार? नवऱ्याला विचारते. आणि नवरा मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसलेला असतो. घरात असतो, पण असून नसल्यासारखा. त्याला कुणाचं काही ऐकूच जात नाही.”

“जबरदस्त पात्र आहे,” आगामी म्हणाला.

“आहे खरं,” बायको म्हणाली. मग तिने पाण्याचा पेला उगाच इकडचा तिकडे केला. “तर आता काय करायचं, तुम्ही सांगा. शुक्रवारपर्यंत दादाला उत्तर द्यायचंय. आणायचं का आईला आपल्याकडे?”

मोबाईल पुन्हा थरथरला. बातमी मोठी होती, एक अख्खी ओटीटी कंपनी दुसरीने विकत घेतली होती. “ते आता पुढच्या सीझनलाच कळेल,” आगामी म्हणाला आणि मोबाईल घेऊन उठला.

बायको रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. थट्टा करायलाही माणसाला वेळकाळ असतो, असं तिच्या मनात आलं. पण ती बोलली नाही. बोलली असती तर ही कथा इथेच संपली असती आणि सगळ्यांचंच भलं झालं असतं.

सकाळी ऑफिसच्या कोपऱ्यात दिवे लावून लाइव्ह मुलाखत सुरू झाली. ‘बंद मजला’चा दिग्दर्शक टोपी घालून आला होता आणि त्याच्याबरोबर प्रसिद्धीचं काम बघणारी एक बाई होती. कॅमेऱ्यामागे उभं राहून मानेनेच हो-नाही सांगणं हे तिचं काम. नाही म्हणून तर दिग्दर्शकाने कशालाच म्हणायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद होती. न जाणो, नाही म्हटलं आणि उत्सुकता मेली तर?

आगामी रंगात आला होता. “लिफ्टबद्दल सगळेच बोलतात. पण मला खरं हादरवलं ते त्या म्हातारीने. ती खिडकीपाशी दुसरं ताट वाढते आणि वाट बघत बसते!”

दिग्दर्शकाने बाईकडे पाहिलं. त्याच्या सिरीजमध्ये म्हातारी नव्हती. खिडकीही नव्हती, सगळं शूटिंग पत्र्याच्या शेडमध्ये झालं होतं. बाईने मान हलवली, बोला काहीतरी.

“तुम्ही फार बारकाईनं पाहिलंय,” दिग्दर्शक म्हणाला.

“आणि तो जावई! घरात बसलेला असतो, पण ना कुणाशी बोलतो, ना त्याला कुणाचं ऐकू येत. माझा अंदाज सांगू? तो जावई मेलेला आहे. केव्हाच मेलाय, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नाही.”

दिग्दर्शक पुढे सरकला. त्याची टोपी जरा मागे गेली. “पुढच्या सीझनबद्दल आत्ता मला काहीच बोलता येणार नाही,” तो म्हणाला.

झालं. एवढं वाक्य पुरेसं होतं. दुपारपर्यंत दुसऱ्या वेबसाइट्सवर ‘मृत जावयाचं रहस्य फुटलं’ असे मथळे झळकले. प्रेक्षकांनी सिरीज पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतली आणि संध्याकाळी कुणीतरी तिसऱ्या एपिसोडमधल्या अंधाऱ्या जिन्यात मोबाईल बघत उभा असलेला एक माणूस शोधून काढला. तो बिचारा दिवे उचलणारा कामगार होता आणि चुकून फ्रेममध्ये आला होता. पण ‘जावई सापडला’ म्हणून त्याचा फोटो सगळीकडे फिरला. ज्यांना जावई दिसला नव्हता ते लोकही, आम्हाला पहिल्यापासून शंका होती, असं सांगू लागले.

“अरे, हे डोकं इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंस?” संपादकबाई म्हणाल्या. “आता रोज एक लेख. जावई कसा मेला, कुणी मारला, सगळं येऊ दे.”

आगामी हवेत तरंगत घरी आला. “पाहिलीस मुलाखत?”

“पाहिली.”

“कशी वाटली?”

“सगळं खरं बोललात,” बायको म्हणाली. “मला नव्हतं वाटलं, तुम्हाला एवढं कळत असेल.”

तो कौतुकाने फुगला. शुक्रवारी संध्याकाळी ती बॅग भरून आईकडे गेली तेव्हाही त्याला त्यात वावगं काही दिसलं नाही. तो तेव्हा ‘जावई कसा मेला’चा दुसरा भाग लिहीत होता.

रविवारी सकाळी मेहुण्याचा फोन आला.

“भाऊजी, मी दुष्ट मुलगा असेन, मान्य आहे. पण आमच्या आईच्या ताटाची कथा जगभर सांगायची काय गरज होती?”

“तुमच्या आईच्या? नाही हो दादा, ती ‘बंद मजला’मधली म्हातारी...”

“कसली म्हातारी? मी बघितली ती सिरीज. त्यात आहे का कुठे म्हातारी? शुक्रवारपर्यंत तुमच्याकडून उत्तर नाही आलं. आता टेम्पो सांगितलाय, दुपारी आईला घेऊन निघतोय. भेटायला यायचं असेल तर या. म्हणजे, जमलं तर.”

आगामी धावत बस गाठायला गेला. बसमध्ये बसल्या बसल्या त्याने मोबाईलवर आयुष्यात पहिल्यांदा ‘बंद मजला’ लावली. एखादी तरी म्हातारी निघावी, मागून जाणारी, जिना चढणारी, कसलीही चालेल, म्हणून तो एकेक एपिसोड पुढे पळवत होता. रखवालदार होता, लिफ्ट होती, एक मांजर होती. म्हातारी नव्हती. मग त्याला जेवणाचं टेबल आठवलं, बायकोने इकडचा तिकडे केलेला पाण्याचा पेला आठवला, आणि “जबरदस्त पात्र आहे” हे आपलं वाक्य आठवलं. त्याला बसमधून उडी मारावीशी वाटली. पण बस सिग्नलला उभी होती, उडी मारूनही काही साधलं नसतं.

सासूबाईंच्या दारात टेम्पो लागला होता. आत खोक्यांचा ढीग, भिंतींवर काढलेल्या फोटोंच्या जागी फिकट चौकोन. मेहुणा एका खोक्याला दोरी बांधत होता आणि बायको कपाट रिकामं करत होती. तिने त्याला पाहिलं आणि पुन्हा कपाटात हात घातला. खिडकीपाशी टेबल तेवढं जागेवर होतं. त्यावर चार ताटं मांडलेली होती, आणि घरात माणसं तीनच होती.

“बघा,” मेहुणा खालच्या आवाजात म्हणाला. “आजही. निघायच्या दिवशीसुद्धा बाबांचं ताट.”

तेवढ्यात सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. जावयाला बघून त्यांना जराही नवल वाटलं नाही. “आलात? बसा, गार होतंय,” म्हणून त्यांनी खिडकीपाशची खुर्ची ओढली.

आगामी मागे सरला. “आई, तिथे कसा बसू? बाबांचं ताट आहे ना ते.”

“त्यांचं कशाला असेल?” सासूबाई म्हणाल्या. “ते गेले हे मला माहीत नाही होय? मीच होते की उशाशी. हे तुमचं ताट आहे.”

“माझं?”

“मग! दर आठवड्याला फोनवर तुम्हीच सांगता ना, येत्या रविवारी नक्की येतो म्हणून? माणूस येतो म्हणाला तर ताट वाढायला नको?”

मेहुण्याच्या हातातली दोरी सुटली. “आई, अगं, मग आम्हाला बोलली का नाहीस? मी समजत होतो की तुझं...”

“काय बोलणार? जावई येतो म्हणतो आणि येत नाही, हे कुणाला सांगायचं का? बरं दिसतं का ते? त्यांचं नाव कशाला वाईट करू. आणि म्हटलं, येतीलच की एखाद्या रविवारी.”

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. आगामीला रडू आलं, आणि ते लपवायला या वेळी मोबाईलसुद्धा उपयोगाचा नव्हता. तो खुर्चीत बसला. “दादा, नका नेऊ त्यांना. यात त्यांचा काय दोष?”

“आता काय उपयोग, भाऊजी?” मेहुणा हताशपणे म्हणाला. “उद्या भाडेकरू राहायला येतायत. किल्ल्या देऊन झाल्या.”

“मग आई, तुम्ही आमच्याकडे चला. आत्ताच्या आत्ता.”

सासूबाईंनी त्याच्या पानात वाढलं आणि त्याच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. “येईन की,” त्या म्हणाल्या. “आता सामान चढलंय टेम्पोत. येत्या रविवारी येते.”

तो जेवला. त्या घरात पहिल्यांदा वेळेवर जेवला. टेम्पो कोपऱ्यावरून वळेपर्यंत दोघं नवराबायको रस्त्यात उभी होती. तेवढ्यात दिग्दर्शकाचा फोन आला.

“सर, तुमचा जावई आम्ही दुसऱ्या सीझनमध्ये घेतोय! जाहीर करायचा पहिला मान तुमचा. फक्त एका जागी अडलंय. आपण मेलोय हे त्याला शेवटी कळतं का?”

“कळतं,” आगामी म्हणाला.

“कशावरून?”

“ताट बघून.”

“वा! आणि मग? जिवंत होतो?”

आगामीने रस्त्याकडे पाहिलं. “उशीर झालेला असतो,” असं म्हणून त्याने फोन ठेवला. ती बातमी त्याने लिहिली नाही. दुसऱ्या कुणीतरी लिहिली.

पुढच्या रविवारी त्याने स्वतःच्या हाताने तीन ताटं घेतली. जेवायच्या वेळेला सासूबाईंचा लांबच्या गावाहून फोन आला. आज काही जमलं नाही, म्हणाल्या, पण येत्या रविवारी नक्की. “हो आई,” एवढंच तो म्हणाला.

मग बायको बोलू लागली. आईला तिथे करमत नाही, खालच्या मजल्यावरच्या बाईशी थोडी ओळख झालीय, दादा मुकाट असतो. मध्येच ती थांबली. “ऐकताय ना?”

त्याने तिला सगळं शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवलं. बायकोने मान हलवली आणि तिसऱ्या ताटाकडे हात केला. “झाका ते. गार होतंय.”

त्याने ताट झाकलं, पण उचललं नाही.