वर्ग चारची पॉवर

आमच्या घरात मागच्या खोलीत रेंज येत नाही, ही बाब गेली चार वर्षं माझ्या विचाराधीन होती. विचार यथावकाश पूर्णही झाला असता, पण मध्येच मुलीचा इंटरव्ह्यू निघाला. गुरुवारी सकाळी अकरा वाजता, व्हिडिओवर. शेवटची फेरी होती आणि मध्येच संपर्क तुटल्यास पुन्हा संधी मिळणार नाही, असं कंपनीने लेखी कळवलं होतं. लेखी कळवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. मी स्वतः पस्तीस वर्षं हेडक्लार्क होतो.

रेंज फक्त हॉलमध्ये येते. हॉलमध्ये टीव्ही आहे, टीव्हीसमोर खुर्ची आहे आणि खुर्चीत मी आहे. त्यामुळे तो पर्याय चर्चेला न येताच निकाली निघाला.

मग माझ्या जुन्या ऑफिसने भंगारात काढलेला एक ॲक्सेस पॉइंट मी घरी आणला. म्हणजे ऑफिसच्या छताला वाय-फायचं पांढरं, ताटलीएवढं डबडं असतं ना, ते. मागे साठा नोंदवहीतला क्रमांक, शिक्का, सगळं जागच्या जागी. एका वेळी शंभर माणसं सांभाळतो म्हणे. आम्ही तिघं.

ते बसवण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष मी, सचिव मी आणि स्टूल धरायला बायको. पहिल्याच बैठकीत असं निदर्शनास आलं की डबड्याला विजेची वायर लावायला जागाच नाही. नेटची केबल खुपसायला एक खाच होती, बाकी काही नाही.

"अहो, मग हे चालतं कशावर?" बायकोने खालून विचारलं.

"चौकशी सुरू आहे," मी वरून सांगितलं.

चौकशीसाठी कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकान एक बाई चालवतात.

"काका, याला स्वतःची पॉवर नसते," त्या म्हणाल्या. "पॉवर वरून येते, नेटच्याच केबलमधून."

मला डबड्याबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. असे साहेब मी कितीतरी पाहिले होते.

"मध्ये एक इंजेक्टर लावायचा, तो केबलमध्ये वीज सोडतो," बाई म्हणाल्या. "डबड्यामागे क्लास छापलेला असेल. कितवा आहे?"

"चार."

त्यांनी तीस वॅटचा, विटेएवढा इंजेक्टर काढून समोर ठेवला. इथे मला हस्तक्षेप करणं भाग पडलं. वर्ग एक म्हणजे मोठे साहेब, वर्ग दोन म्हणजे धाकटे साहेब, वर्ग तीन म्हणजे मी आणि वर्ग चार म्हणजे शिपाई. मला उभ्या नोकरीत टेबलफॅन मंजूर झाला नाही, आणि शिपायाला तीस वॅट?

"लहानातला लहान दाखवा," मी म्हणालो.

"काका, इथे उलटं असतं. क्लासचा आकडा वाढला की भूक वाढते."

"भूक सगळ्यांनाच असते, बाई. मंजूर किती करायची, ते वर्गावर ठरतं."

पंधरा वॅटचा घेऊन आलो. केबल जोडली, दिवा लागला. नारिंगी. मागच्या खोलीत रेंज शून्य. दिवा चालू आणि काम बंद, यात मला तरी वावगं काही दिसेना. पण मुलगी ऐकेना.

"बाबा, त्याचं पोट भरत नाहीये. नारिंगी म्हणजे पॉवर कमी पडतेय. मोठा इंजेक्टर आणा."

"कमी पडत असेल तर इतरत्र कपात करू," मी म्हणालो.

सोमवारी पंखे बंद केले. मंगळवारी फ्रिज. टीव्ही अत्यावश्यक सेवेत मोडत असल्याने त्याला सूट दिली. बुधवारी बायको पातेलं घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"दूध नासलं. आता तरी तो मोठा आणा मुकाट्याने."

"झालेल्या निर्णयाचा फेरविचार करायचा तर नवीन कारण लागतं."

"नासलेलं दूध हे कारण नाही?"

"ते परिणामांत येतं."

तिने पातेलं माझ्या खुर्चीशेजारी ठेवलं आणि ती निघून गेली. वास दिवसभर होता.

गुरुवारी साडेदहाला मुलगी हॉलमध्ये आली. इस्त्रीचा शर्ट, छातीशी लॅपटॉप.

"बाबा, तासभर हॉल देता?"

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण अकराला बातम्या असतात.

"हा प्रस्ताव सोमवारी आला असता तर विचार केला असता."

"सोमवारीच विचारलं होतं."

"तोंडी," मी म्हणालो.

मायलेकी चपला घालून निघाल्या. इंटरव्ह्यू त्या दुकानाच्या मागच्या बाजूला झाला, खोक्यांच्या मधोमध, बाईंनी शटर अर्धं ओढून घेऊन. मी बातम्या पाहिल्या. काय पाहिलं ते आता आठवत नाही.

नोकरी लागली. दुसऱ्या शहरात. जायच्या आदल्या दिवशी मुलीने तीस वॅटचा इंजेक्टर आणला आणि समितीला न विचारता लावून टाकला. दोन मिनिटं लागली. दिवा हिरवा झाला.

मागच्या खोलीत आता भरपूर रेंज आहे. बायको दिवसभर तिथेच असते, मुलीशी बोलत. दोघी हसतात, ते मला टीव्हीच्या आवाजातूनही ऐकू येतं. मी गेलो की फोनवर "बाबा आलेत" असं सांगितलं जातं, आणि पुढचं बोलणं हवामानावर चालतं. मग मी हॉलमध्ये परत येतो.

सबब, प्रस्तुत मजकूर वाचताना आपण घरातल्या कोणत्या खुर्चीत बसला आहात, आणि कोणी मागितली म्हणून तिच्यातून शेवटचे कधी उठला होतात, याचा खुलासा सात दिवसांच्या आत करावा. तोंडी चालेल. घरात ऐकायला कोणी असेल तर.